खुनी तोंड का झाकतो?

“मामा, ह्यात तर चौघांतलं कोणच मरत न्हाई!”

कोल्हापूरच्या गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर उभे होतो. समोर म्हशीची धार काढणं चाललेलं, हातात फेसानं भरलेला ग्लास, आणि भाचीचं तोंड मात्र मापात पाप केलेल्या दुकानातून परतलेल्या गिऱ्हाइकासारखं. तक्रार एका इंग्रजी कादंबरीबद्दल होती. ‘आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर’ हा १९९७ सालचा पिक्चर तिनं मोबाईलवर दोनदा बघितलेला. रेनकोट घातलेला, हातात लोखंडी आकडा धरलेला एक माणूस चार पोरांच्या मागं लागतो, त्याची गोष्ट. मग तिला कळलं की हे मूळचं पुस्तक आहे, लोइस डंकन या बाईंनी १९७३ साली लिहिलेलं. तिनं ते मिळवलं आणि एका रात्रीत संपवलं. “आकडा न्हाई, मच्छीमार न्हाई, समुद्र न्हाई. मी शेवटपर्यंत वाट बघितलो.”

परगावच्या वाचकांसाठी सांगतो, कोल्हापुरात मुलीही ‘मी बघितलो’, ‘मी आलो’, ‘मी जातो’ असंच बोलतात. हसू नका. या सवयीचा पुढं उपयोग होणार आहे.

भाचीचा निकाल असा होता की पिक्चरवाल्यांनी पुस्तकाचं नाव तेवढं विकत घेतलं आणि बाकी सगळ्या थापा मारल्या. निम्मं खरं आहे. पण थापा का माराव्या लागल्या, ते जास्त मजेशीर आहे. पुस्तकात जी युक्ती आहे ती पडद्यावर चाललीच नसती. दूध संपेपर्यंत आणि मग रंकाळा तलावापर्यंत चालत जाताना आम्ही जे बोललो, ते इथं जरा नीट लावून सांगतो. दोन गोष्टींची गुपितं फुटतील. एक साठ वर्षांहून जुनी, दुसरी पन्नास. तेव्हा माफी मागत नाही.

हा पिक्चर ज्या जातीचा आहे, ते स्लॅशर म्हणजे काय ते आधी उरकून घेऊ. भुताच्या पिक्चरात मेलेलं माणूस परत येण्याची भीती असते. रहस्यकथेत प्रश्न असतो, खून कुणी केला? स्लॅशरमध्ये प्रश्न एकच: आता कुणाचा नंबर? खुनी बहुतेक एकटा आणि हाडामांसाचा. निदान पहिल्या भागात तरी. पुढच्या भागांत तो गोळ्या खाऊन, जळून, बुडूनसुद्धा उठून येतो, कारण तिकीटबारीचा जीव त्याच्यात अडकलेला असतो. मरणारी बहुतेक तरुण पोरं, जागा आडबाजूची, आणि मागं कधीतरी घडलेलं, दाबून टाकलेलं एखादं पाप.

हत्यार हातात धरायचं असतं. सुरी, कोयता, कुऱ्हाड, आकडा. बंदूक सहसा नाही. बंदूक लांबून आणि एका क्षणात काम उरकते. सुरीवाल्याला जवळ यावं लागतं आणि जवळ यायला वेळ लागतो. दाराची कडी हलते, जिन्याची फळी वाजते, दिवा जातो. तो जो वेळ आहे, तोच पिक्चर. खून म्हणजे त्या वेळेचा शेवट.

सगळे मेल्यावर बहुतेक एक पोरगी उरते आणि तीच खुन्याला पुरून उरते. कॅरल क्लोव्हर या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८७ साली एका लेखात तिला ‘फायनल गर्ल’ हे नाव दिलं आणि ते चिकटलं. त्यांचं मुख्य निरीक्षण मला फार नेमकं वाटतं. अशा पिक्चरांत सुरुवातीला कॅमेरा खुन्याच्या डोळ्यांनी बघत असतो. शेवटाकडं तो पोरीच्या डोळ्यांनी बघायला लागतो. थेटरात शिट्ट्या मारत बसलेले मुलगे नकळत सुरीच्या मुठीकडून टोकाकडं सरकतात. हे पिक्चर नुसते बायकांना मारण्याचे आहेत असं म्हणून हात झटकणाऱ्यांना या बाईंनी थोडं थांबवलं. मला त्यांचं सगळंच पटत नाही, पण कॅमेरा कुणाच्या डोळ्यात बसलाय हे बघायची सवय त्यांच्यामुळं लागली.

आता मूळ अडचण. कादंबरीत खुनी लपवणं आणि पडद्यावर खुनी लपवणं ही दोन वेगळी कामं आहेत. कागदावर माणसाला चेहरा नसतोच. लेखक देईल तेव्हा तो मिळतो. पडद्यावर माणूस उभा राहिला की चेहरा, उंची, चालण्याची ढब, बाई की बुवा, सगळं एका क्षणात उघडं पडतं. म्हणजे लेखकाला चेहरा द्यायला कष्ट पडतात आणि दिग्दर्शकाला तो काढून घ्यायला.

मराठीत लिहिणाऱ्याला हे काम इंग्रजीवाल्यापेक्षा अवघड जातं, कारण आपलं क्रियापदच चहाडी करतं. ‘खुनी आत आला’ म्हटलं की बुवा, ‘आली’ म्हटलं की बाई. इंग्रजीत आत येण्याच्या क्रियापदाला लिंग नाही. मग आपले रहस्यकथाकार काय करतात? ‘ती व्यक्ती आत आली’, ‘एक आकृती हलली’, ‘सावली सरकली’. लहानपणी जुन्या रहस्यकथा वाचताना मला कळायचं नाही की खुनी नेहमी ‘ती’ का असतो आणि शेवटी मिशीवाला मॅनेजर का निघतो. व्यक्ती, आकृती, सावली हे तिन्ही शब्द स्त्रीलिंगी, म्हणून.

दुसरी पळवाट त्याहून चांगली आहे: नपुंसकलिंग. ‘कुणीतरी उभं होतं.’ हे वाक्य अंधारात वाचून बघा. आणि तिसरी सगळ्यात भारी. ‘दार उघडलं. सुरी उचलली. दिवा मालवला.’ कर्ता गायब. क्रियापद दाराच्या, सुरीच्या, दिव्याच्या लिंगाप्रमाणं चालतं. करणारा कोण, हे व्याकरण सांगतच नाही. भूतकाळातल्या या रचनेत आपली भाषा खुन्याला फुकट बुरखा शिवून देते.

हे भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, “मग पिक्चरमधी काय करायचं?”

पिक्चरमध्ये काय करायचं याचं पहिलं मोठं उत्तर १९६० साली ‘सायको’ या पिक्चरमध्ये मिळालं. पण आधी तो ज्या कादंबरीवरून आला ती.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात प्लेनफिल्ड नावाचं खेडं आहे. तिथं १९५७ साली एड गीन या माणसाला अटक झाली. त्याच्या घरात काय सापडलं याचं वर्णन करत नाही. दोन बायकांचे खून आणि थडग्यांतून उकरून आणलेली प्रेतं, एवढं पुरे. त्याच भागात, फार लांब नाही अशा एका गावात, रॉबर्ट ब्लॉक हा लेखक राहात होता. त्याला त्या घरातल्या सामानापेक्षा वेगळ्याच गोष्टीनं पछाडलं. सगळे सगळ्यांना ओळखतात अशा लहान गावात, शेजारचा माणूस असा असू शकतो आणि वर्षानुवर्षं कुणालाच पत्ता लागत नाही. ज्यांनी वाड्यात दिवस काढलेत, कुणाकडं आज कुठली आमटी आहे हे ज्यांना फोडणीच्या वासावरून कळायचं, त्यांनाच ही भीती नीट समजेल.

१९५९ साली त्याची ‘सायको’ आली. पहिल्याच प्रकरणात नॉर्मन बेट्स घरात वाचत बसलाय. चाळिशीचा, सुटलेल्या पोटाचा, चष्मेवाला, एकलकोंडा. पुस्तक इंका लोकांबद्दलचं आहे आणि शत्रूच्या कातडीचा ढोल करण्याचं वर्णन तो मन लावून वाचतोय. तेवढ्यात आई खोलीत येते, त्याला टाकून बोलते, दोघांचं वाजतं. साधे संवाद, घरोघरी असतात तसे. वाचकाला वाटतं, घरात दोन माणसं आहेत.

आई कित्येक वर्षांपूर्वीच मेलेली आहे. ती नॉर्मनच्या डोक्यात आहे, आणि कधी कधी नॉर्मनच ती असतो.

लेखकानं इथं फसवलंय का? नाही. आपण नॉर्मनच्या डोक्यात बसलोय आणि त्या डोक्यात आई खरोखरच खोलीत आलीय. कागदावर बोलणाऱ्या माणसाला शरीर असावंच लागत नाही. अवतरण चिन्हं असली की झालं. या कादंबरीची सगळी भीती अशी अवतरण चिन्हांत लपलेली आहे.

आल्फ्रेड हिचकॉक या दिग्दर्शकानं पिक्चरसाठी तिचे हक्क ९,५०० डॉलरला घेतले, तेही स्वतःचं नाव पुढं न करता, म्हणजे भाव वाढायला नको. पिक्चरनं पुढं अफाट पैसा केला, पण ब्लॉकला त्या नफ्यातला वाटा मिळाला नाही. बाजारातले सगळे व्यवहार असेच होतात म्हणून सोडून देता येतं, पण मला तरी दरवेळी वाचताना चिडायला होतं.

आता कॅमेरा खोलीत ठेवला तर एकच माणूस दिसणार. खेळ पहिल्या मिनिटाला खलास. म्हणून हिचकॉक आणि पटकथाकार जोसेफ स्टेफानो यांनी पहिलं काम केलं ते नॉर्मनच्या डोक्यातून बाहेर पडण्याचं. पिक्चर सुरू होतो मॅरियनपासून. पुस्तकात तिचं नाव मेरी. मालकाचे ४०,००० डॉलर घेऊन पळालेली ही पोरगी आपली नायिका आहे अशी आपली खात्री पटवली जाते. तिच्याबरोबर आपण गाडीत बसतो, पोलिसाला घाबरतो, पावसात रस्ता चुकतो आणि नॉर्मनच्या लॉजवर येतो. आणि तिथला नॉर्मन जाडा, पिणारा चाळिशीतला बाप्या राहिलेला नसतो. अँथनी पर्किन्स नावाचा सडपातळ, लाजरा, थोडा अडखळत बोलणारा देखणा मुलगा असतो. पुस्तकातला नॉर्मन आपल्याला किळसवाणा वाटून चालतं, कारण आपण त्याच्या आत असतो आणि आत बसलेल्याला माणूस समजतो. पडद्यावर आपण बाहेरून बघणार, तर बाहेरचं रूप गोड पाहिजे. मला वाटतं या सगळ्या बदलांत हा सर्वांत हुशार बदल आहे. गोष्ट तीच ठेवून दया कुठून येणार तेवढं बदललं.

राहिली आई. तिचा आवाज ऐकू येतो, खिडकीत तिची आकृती दिसते, वार करताना मागून दिवा येतो आणि तोंड काळं राहतं. मॅरियनचा शोध घेत आलेल्या गुप्तहेरावर ती जिन्यावर धावून येते तेव्हा कॅमेरा एकदम छताला जाऊन चिकटतो आणि आपल्याला डोक्याचा अंबाडा तेवढा दिसतो. नॉर्मन तिला उचलून तळघरात नेतो तेव्हाही कॅमेरा वरच. तिचं तोंड सरळ सरळ झाकलं असतं तर प्रेक्षकाला संशय आला असता, म्हणून आधी दोघांचं भांडण कानावर पडत राहतं आणि त्या गडबडीत कॅमेरा हळूच वर चढून बसतो. जादूगार एका हाताकडं बघायला लावून दुसऱ्या हातानं काम करतो, तसं.

आणि आवाज? तो तीन जणांचे आवाज जोडून, मिसळून केला होता. दोन बायका आणि एक पुरुष. मॅरियन शॉवर घेत असताना सुरी घेऊन शिरणारी आकृतीही पर्किन्सची नाही. तो तेव्हा नाटकाच्या कामासाठी न्यूयॉर्कला होता आणि त्याच्या जागी स्टंट करणारी एक बाई उभी राहिली. म्हणजे पुस्तकात न सांगता जे साधलं, ते पडद्यावर साधायला चार माणसं, एक दिवा आणि एक उंच शिडी लागली. भरीला सेटवर ‘मिसेस बेट्स’ असं लिहिलेली एक खुर्ची ठेवली होती आणि आईच्या भूमिकेसाठी नट्यांचा शोध चालू असल्याची हूल बाहेर सोडली होती. जाहिरातीला तोड नाही.

आता तो मॅरियनचा शॉवरखालचा खून. पुस्तकात तो तिसऱ्या प्रकरणात, दोन-चार वाक्यांत होऊन जातो आणि पोरीचं मुंडकंच उडतं. वाचक वाक्य संपल्यावर थांबतो आणि पुन्हा मागं जाऊन वाचतो की हे खरंच झालं का. पडद्यावर मागं जायची सोय नव्हती आणि मुंडकं उडवायला परवानगी मिळाली नसती. म्हणून हिचकॉकनं उलटं केलं. वाक्य जितकं आखूड, तितका सीन लांब केला. सुमारे ४५ सेकंदांच्या त्या खुनाला सात दिवस शूटिंग आणि ७८ ठिकाणांवरून कॅमेरा. सुरी, पडदा, तोंड, हात, पाण्याची तोटी, पाय, असे तुकडे इतक्या वेगानं जोडलेत की सुरी अंगात शिरताना दिसली अशी शपथ घेणारे लोक भेटतात. दिसतं त्याहून जास्त आपण स्वतःच मनात कापतो.

रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप. पिक्चर काळापांढरा, त्यामुळं चालून गेलं. रंगीत न करण्यामागं खर्च होता तसं रक्ताचं कारणही होतं. एकूण खर्च आठ लाख डॉलरच्या आसपास, आणि काम करणारी माणसं हिचकॉकच्या टीव्ही मालिकेतली. वाराचा आवाज खरबुजाचा. वेगवेगळ्या जातींची खरबुजं आणून ती सुरीनं भोसकून दाखवली आणि हिचकॉकनं डोळे मिटून एक जात निवडली. मटणाच्या दुकानात सकाळी रांगेत उभं राहिलेल्या कोल्हापूरकराला हा किस्सा दुसऱ्यांदा सांगावा लागत नाही. सत्तूर हाडावर पडला की मांसावर, हे आपण पाठ फिरवूनही ओळखतो.

संगीताची गंमत अशी की हिचकॉकला त्या सीनला संगीत नकोच होतं. संगीतकार बर्नार्ड हरमननं तरीही नुसत्या व्हायोलिन, चेलो अशा तंतुवाद्यांवर ते किंचाळणारे सूर बसवले आणि ऐकल्यावर हिचकॉकनं मत बदललं. पुस्तकातली किंकाळी लेखकानं लिहून सांगितली. इथं ती वाद्यांनी मारली.

पडद्यावरचा खून किती दाखवायचा हा वाद कोल्हापूरला नवा नाही, हेही भाचीला सांगितलं आणि तिचा विश्वास बसला नाही. हिचकॉकच्या चाळीस वर्षं आधी इथं बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनं ‘सैरंध्री’ केला. साल १९२०, मूकपट. त्यातला भीमानं केलेला कीचकाचा वध इतका खराखुरा उतरला की सेन्सॉरनं तो काढायला लावला. गोष्ट महाभारतातली, सगळ्यांनी कीर्तनात शंभरदा ऐकलेली. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ नाटक इंग्रज सरकारनं १९१० साली बंद पाडलं होतं, पण त्याचं कारण निराळं: कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसत होता. म्हणजे एकाच वधाला दोनदा कात्री लागली. नाटकात तो मनात काय पेटवतो म्हणून आणि पिक्चरमध्ये तो डोळ्यांना काय दाखवतो म्हणून. कानानं ऐकताना ज्या वधावर लोक माना डोलावत होते, तोच बघताना सोसेना. कादंबरीचा स्लॅशर होताना जे होतं, ते हेच. गोष्ट बदलायच्या आधी इंद्रिय बदलतं.

‘सायको’मध्ये एक गोष्ट मात्र अजून नव्हती. मुखवटा. आईचे कपडे होते, केसांचा टोप होता, अंधार होता.

तो मुखवटा पक्का झाला १९७८ साली, जॉन कार्पेंटरच्या ‘हॅलोविन’मध्ये. पैसे नव्हते, म्हणून दुकानातून दोन डॉलरच्या आत मिळणारा, टीव्हीवरच्या एका अंतराळ मालिकेतल्या कप्तानाचा रबरी मुखवटा आणला, पांढरा रंगवला, डोळ्यांची भोकं मोठी केली. झालं. त्या पिक्चरची सुरुवातही बघण्यासारखी आहे. कॅमेरा एका घराभोवती फिरतो, आत जातो, सुरी उचलतो, जिना चढतो, एका पोरीला मारतो, बाहेर येतो, आणि मग पहिल्यांदा आपल्याला खुनी बाहेरून दिसतो: विदूषकाच्या कपड्यातला सहा वर्षांचा पोरगा. आपण इतका वेळ त्याच्या डोळ्यांतून बघत होतो. ‘दार उघडलं. सुरी उचलली.’ आठवतंय? कर्ता गायब. मराठी जे भूतकाळात करते ते कार्पेंटरनं कॅमेऱ्यानं केलं. आणि कर्ता दाखवावाच लागला, तेव्हा त्याच्या तोंडावर मुखवटा चढवला.

हेच माझं उत्तर आहे. कागदावर सर्वनाम जे काम करतं, ते पडद्यावर मुखवटा करतो. खुनी ओळखू येऊ नये म्हणून तो असतो हे वरवरचं कारण. ‘हॅलोविन’मध्ये खुनी कोण हे पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांना माहीत असतं, तरी तो मुखवटा काढत नाही. चेहरा दिसला की माणूस आत काय विचार करतोय ते आपण वाचायला लागतो. मुखवट्यानं ते वाचन बंद पडतं. ज्याचं मन वाचता येत नाही असा माणूस जवळ जवळ येतोय, एवढंच शिल्लक राहतं.

म्हणूनच गाजलेल्या स्लॅशरांत कादंबरीवरून आलेले थोडे. ‘हॅलोविन’ची कादंबरी आहे, पण ती पिक्चरनंतर, १९७९ साली आली. उलटी गंगा. कादंबरी मनावर जगते आणि स्लॅशरचा खुनी मन बाहेर ठेवून येतो, मग त्यांचं जमणार कसं? आपल्याकडं तर ही जात फारशी रुजलीच नाही. महेश कोठारे यांचा १९९३ चा ‘झपाटलेला’ आठवतो तेवढा. रामदास पाध्यांच्या बाहुल्यातला तात्या विंचू. खुनी आत्मा बाहुल्यात शिरतो ही कल्पना परदेशी स्लॅशरमधून आलेली, पण आपण ती हसून पचवली. त्या बाहुल्याला घाबरून मी आठवडाभर माळ्यावर गेलो नव्हतो, हे भाचीला सांगितलेलं नाही.

आता पुन्हा तिच्या तक्रारीकडं. डंकनबाईंच्या कादंबरीत चार पोरं, ज्युली, रे, हेलन आणि बॅरी, रात्री गाडीनं सायकलवरच्या एका लहान मुलाला उडवतात आणि पळून जातात. मुलगा मरतो. चौघं गप्प राहण्याची शपथ घेतात. मग चिठ्ठ्या यायला लागतात. त्यांच्यातल्या बॅरीला गोळी लागते, पण तो जगतो. पुस्तकाचा खरा विषय गप्प राहणं हाच आहे.

आणि त्यातली युक्ती ऐका. ज्युलीच्या आयुष्यात एक तरुण आलाय. हेलनच्या शेजारी एक तरुण राहायला आलाय. दोघांची नावं वेगळी. दोघी आपापल्या प्रकरणांत आपापल्या माणसाशी बोलतात. शेवटी कळतं की तो एकच आहे, त्या मेलेल्या मुलाचा सावत्र भाऊ. कागदावर ही युक्ती बेमालूम चालते, कारण दोन नावं म्हणजे दोन माणसं असं वाचक धरून चालतो. पडद्यावर? ज्युलीबरोबर तो एकदा दिसला आणि हेलनच्या दारात दुसऱ्यांदा दिसला की मागच्या रांगेतलं पोरगं ओरडलं असतं, “आरं, ह्यो त्योच की!”

युक्तीच चालणार नाही म्हटल्यावर पटकथाकार केविन विल्यमसननं गोष्ट समुद्रकाठच्या गावात नेली आणि खुन्याला मच्छीमाराचा रेनकोट, टोपी आणि आकडा दिला. म्हणजे पुन्हा मुखवटाच, कापडाचा. चौघांतल्या दोघांना मारलं, कारण ‘आता कुणाचा नंबर’ या प्रश्नाला अधूनमधून उत्तर द्यावं लागतं. इथवर माझी काही तक्रार नाही. हा धंद्याचा भाग झाला.

तक्रार आहे ती दुसऱ्याच बदलाबद्दल. पिक्चरमध्ये गाडीखाली लहान मुलगा येत नाही. एक मोठा माणूस येतो, जो मेलेला नसतो, ज्यानं स्वतः त्याच रात्री एक खून केलेला असतो, आणि तोच पुढं आकडा घेऊन येतो. म्हणजे पोरांच्या पापावर चक्क सूट दिली. पुस्तकात मेलेला मुलगा परत येत नाही आणि म्हणून चौघांची सुटकाही होत नाही. पिक्चरनं बळीलाच खुनी केलं आणि हिशेब मिटवून टाकला. चेहरा लपवायला रेनकोट लागतो हे मान्य, पण मुलगा बदलायची गरज नव्हती.

डंकनबाईंना हा पिक्चर बघून धक्का बसला होता, आणि त्याला कारण होतं. १९८९ साली त्यांच्या अठरा वर्षांच्या मुलीचा गोळ्या घालून खून झाला होता. त्यानंतर आठ वर्षांनी आपल्याच पुस्तकाच्या नावाखाली पोरं आकड्यानं मरताना त्यांनी पडद्यावर बघितली. खुनाकडं खिदळत बघण्याची गोष्ट म्हणून आपल्याला बघता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. हे ऐकून भाची बराच वेळ काही बोलली नाही. रंकाळ्यावर भेळेच्या गाड्या आवरायला लागल्या होत्या.

मग तिनं विचारलं, असं कधी झालंय का की पुस्तकात जास्त मारामारी आणि पिक्चरमध्ये कमी. झालंय. ब्रेट ईस्टन एलिसची १९९१ ची ‘अमेरिकन सायको’. मुंबईच्या शेअरबाजारात शोभेल असा एक सुटाबुटातला तरुण स्वतःच सगळं सांगतो, आणि शर्टाची कंपनी सांगताना जो सूर, तोच खून सांगताना. वाचवत नाही. २००० साली मेरी हॅरन या बाईंनी पिक्चर करताना कापाकापी बरीचशी बाहेर ठेवली आणि तो सूर तेवढा उचलला. चार सुटाबुटातले पुरुष एकमेकांची व्हिजिटिंग कार्डं बघून घामेजतात, हा त्यातला सगळ्यात भयानक प्रसंग आहे. रक्ताचा थेंब नाही. खुन्याला मुखवटा नाही, कारण चेहराच मुखवट्यासारखा गुळगुळीत आहे. मोठी झाल्यावर बघ म्हटलं. तिनं लगेच मोबाईलमध्ये नाव लिहून घेतलं, म्हणजे माझं बोलणं किती मनावर घेतलं ते कळलं.

पंधरा दिवसांनी तिचा मेसेज आला. गोष्ट लिहिलीय म्हणे, सुरुवात वाचून बघ.

“मी जिना चढलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत टीव्ही चालू. मी पिशवीतनं सत्तूर काढलो आणि चपला बाहेरच सोडलो.”

चपला बाहेर सोडणारा खुनी मी पहिल्यांदाच वाचत होतो. मी विचारलं, हे बोलतंय कोण, मुलगा की मुलगी?

“कोल्हापूरचं हाय. वळखा.”

मानलं तिला. पुण्याच्या लेखकाला ‘चढलो’ की ‘चढले’ हे पहिल्याच वाक्यात ठरवावं लागलं असतं. हिला शेवटच्या पानापर्यंत ठरवायची गरज नव्हती. तरी मामा म्हणून एक खोडा घातलाच. उद्या ह्याचा पिक्चर काढला, तर हे ‘मी’ बोलायला आवाज कुणाचा घेणार?

दोन मिनिटं टाइप होत राहिलं.

“आज्जीचा घेऊया. सर्दीनं तिचा आवाज आजोबांसारखाच झालाय.”